‘मी नको, दुसऱ्या कुणाला सांगा’



कोणत्याही गटाची बैठक आठवून पाहा. काम ठरते, तारीख ठरते, खर्चाचाही मेळ बसतो. शेवटी एकच प्रश्न उरतो: याची जबाबदारी कोण घेणार? आणि नेमके त्याच वेळी प्रत्येकाला आपल्या मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचे दिसू लागते. एखाद्याचे नाव सुचवावे तर तो हात जोडून म्हणतो, “मी नको, दुसऱ्या कुणाला सांगा. माझ्यापेक्षा जाणकार पुष्कळ आहेत.” बाकीचे म्हणतात, किती नम्र माणूस! मग चहा होतो, सगळे घरी जातात आणि काम जिथल्या तिथे राहते.

असा नकार नेहमीच नम्रतेतून येतो का? आणि जो “बरे, मी करतो” म्हणतो, तो नेहमीच मोठेपणाचा भुकेला असतो का? आज या प्रश्नावर आपण थोडा विचार करू या.

हा प्रश्न अलीकडे माझ्यासमोर एका अगदी नव्या कामाच्या निमित्ताने आला. शिक्षणासाठी बाहेरगावी राहणारी आपल्या ओळखीतली एक मुलगी इंटरनेटवरील स्वयंसेवकांच्या एका गटात काम करते. व्हिडिओच्या खाली जी अक्षरे दिसतात, ज्यांना आपण सबटायटल म्हणतो, त्यांचे टायमिंग हा गट लावतो. गटप्रमुखाला नोकरीमुळे काम सोडावे लागले आणि सोबत्यांनी हिला विचारले, तू पुढे होशील का? ती मला म्हणाली, “फादर, हो म्हटले तर लोक म्हणतील हिला पुढेपुढे करायची हौस आहे. नाही म्हटले तर काम थांबेल. मग बरोबर काय?”

उत्तर शोधण्याआधी हे काम काय आहे ते समजून घ्यायला हवे. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर असतो. नट शब्द विसरला की तो पुढचे वाक्य देतो. फार लवकर दिले तर दोन वाक्ये एकमेकांत मिसळतात, उशिरा दिले तर नट रंगमंचावर गोंधळून उभा राहतो. नेमके वेळेवर दिले तर प्रॉम्प्टर आहे हे प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही. सबटायटलचे टायमिंग हे तसेच काम. प्रत्येक ओळ किती मिनिटे किती सेकंदांवर यावी आणि कधी जावी, हे आवाज ऐकून ठरवायचे. ओळ एका सेकंदापेक्षा कमी राहिली तर वाचून होत नाही. सात सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळली तर पाहणारा तीच ओळ पुन्हा वाचू लागतो. एका वेळी दोनच ओळी, आणि एका सेकंदात साधारण एकवीस अक्षरांपेक्षा अधिक नकोत, असे दंडक टेडसारख्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी स्वतःसाठी घालून घेतले आहेत. पंधरा मिनिटांच्या एका भाषणात अशा दोन-तीनशे ओळी सहज होतात. सगळ्या बरोबर लागल्या तर कौतुक करायला कोणी येत नाही, कारण काही घडल्याचे कुणाला कळतच नाही.

कुणी म्हणेल, अक्षरे दोन सेकंद मागेपुढे झाली तर काय मोठे बिघडले? ज्याला ऐकू येते त्याचे फारसे बिघडत नाही. तो कानाने ऐकतो आणि डोळ्यांची चूक मनातल्या मनात सुधारून घेतो. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याचा विचार करा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात सुमारे ५० लाख लोकांना श्रवणाचे अपंगत्व आहे. अशा माणसासमोर प्रश्न विचारण्याआधीच उत्तर आले, किंवा एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी दिसले, तर चूक झाली हे त्याला कळणार कसे? तो समोर दिसेल ते खरे मानतो. त्याच्याकडे तपासण्याचे दुसरे साधन नाही. म्हणजे चुकीचा सगळा भार अशा माणसावर पडतो, जो तक्रारही करू शकत नाही. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने टीव्हीवरील कार्यक्रमांना सबटायटल किंवा खुणांची भाषा देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. सिनेमागृहात दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांसाठीही केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक नियम काढले. पण कायदा ओळ पडद्यावर आणू शकतो. ती वेळेवर आली की नाही, हे कुणीतरी बसून पाहावेच लागते.

ही अक्षरे फक्त कर्णबधिरांच्या उपयोगी पडतात असेही नाही. अहमदाबादच्या आयआयएमचे प्राध्यापक ब्रिज कोठारी यांना नव्वदच्या दशकात एक साधी कल्पना सुचली. हिंदी गाण्याखाली हिंदीतच, गुजराती गाण्याखाली गुजरातीतच शब्द दाखवायचे. जो शब्द गायला जातो आहे त्याचा रंग त्याच क्षणी बदलायचा. १९९९ मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर याची सुरुवात झाली, पुढे राष्ट्रीय वाहिनीवरील ‘चित्रहार’पर्यंत ती पोहोचली. पुढच्या दशकात झी टॉकीजवर मराठी चित्रपटही मराठी अक्षरांसह दाखवून पाहिले गेले. जी आजी दोन इयत्ता शिकून थांबली, तिला गाणे तोंडपाठ असते. शब्द कानावर पडताना त्याच क्षणी अक्षर डोळ्यांसमोर उजळले की सुटलेले वाचन पुन्हा धरता येते. येथे सगळी किमया ‘त्याच क्षणी’ या दोन शब्दांत आहे. अक्षर मागे राहिले तर वाचन शिकवण्याऐवजी ते गोंधळ शिकवेल.

आता हे काम जगभर कोण करते? पुष्कळ ठिकाणी पगारी माणसे करतात, पण फार मोठा भाग स्वयंसेवकांनी उचलला आहे. टेड या संस्थेने मे २००९ मध्ये आपली भाषणे इतर भाषांत नेण्याचे काम स्वयंसेवकांसाठी खुले केले. त्यात मराठीही आहे. एकजण लिहितो, दुसरा तपासतो, आणि त्या भाषेचा समन्वयक शेवटची मान्यता देतो. आपल्या मुली मोबाईलवर ज्या कोरियन मालिका पाहतात, त्यांतल्या अनेकांची अक्षरे २००७ मध्ये सुरू झालेल्या विकी नावाच्या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी दिलेली असतात. तिथे तर व्हिडिओचे तुकडे पाडून वेळ लावणारे वेगळे, भाषांतर करणारे वेगळे, आणि प्रत्येक तुकडीला एक प्रमुख. ना पगार, ना खुर्ची. प्रमुखाच्या हाती एकच गोष्ट असते: कुणी ओळ चुकीची लावली तर विचारायचे कुणाला, याचे उत्तर ‘मला’ असे देणे.

इथे आपण मूळ प्रश्नावर येतो. सगळे चांगले असताना प्रमुख हवाच कशाला? दहाजण मनापासून काम करत आहेत, तेवढे पुरे नाही का? अनुभव सांगतो की पुरे नाही. सगळ्यांची जबाबदारी म्हणता म्हणता ती कुणाचीच राहत नाही. प्रत्येकाला वाटते, शेवटची तपासणी दुसऱ्याने केली असेल. यूट्यूबवर काही वर्षे अशी सोय होती की कोणीही प्रेक्षक दुसऱ्याच्या व्हिडिओला सबटायटल देऊ शकत होता. २८ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने ती बंद केली. सोय फार थोडे लोक वापरतात आणि तिच्यातून खोडसाळ मजकूर घुसतो, अशी कारणे दिली गेली. कर्णबधिर प्रेक्षकांनी या निर्णयाचा निषेध केला, कारण अनेक व्हिडिओंसाठी त्यांचा आधार तोच होता. दार सर्वांना उघडे ठेवणे चांगलेच आहे. पण दाराशी कुणी उभे नसेल तर नुकसान शेवटी सर्वात गरजू माणसाचे होते.

आज यंत्र स्वतःच बोलणे ऐकून अक्षरे लावते, मग माणूस कशाला, असेही कोणी विचारेल. यंत्राने पुष्कळ कष्ट वाचवले हे खरे आहे. परंतु दोन माणसे एकदम बोलू लागली, मागे ढोल वाजत असला, किंवा बोलणारी बाई आपल्या झाडीबोलीत बोलत असली की यंत्र अडखळते. आणि आपण अडखळलो हे ते सांगत नाही, तितक्याच ठामपणे चुकीची ओळ दाखवते. म्हणून “हे मी पाहिले आहे” असे म्हणणारा माणूस लागतोच.

तर मग पुढे येण्यास आपण का कचरतो? साधारण तीन कारणे दिली जातात आणि तिन्ही कारणांचा आदराने विचार केला पाहिजे.

पहिले कारण: माझी तेवढी योग्यता नाही. तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी या बाबतीत एक बारीक फरक दाखवला आहे. आपल्या शक्तीबाहेरचे काम अंगावर घेणे हा उद्धटपणा, तो दोषच. पण आपल्या शक्तीत असलेले काम ‘मला जमणार नाही’ म्हणून टाळणे हाही दोषच, असे ते म्हणतात. त्याला ते मनाचा कोतेपणा मानतात आणि उदाहरण देतात ते धन्याचे पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचे. त्या चाकराने चोरी केली नव्हती, उधळपट्टी केली नव्हती. त्याने फक्त भीतीपोटी हाती दिलेले वापरले नाही. नम्रता म्हणजे स्वतःला खरे आहे त्यापेक्षा लहान समजणे नव्हे. नम्रता म्हणजे स्वतःबद्दल खरे बोलणे. ज्याला शेतीतले कळते त्याने ‘मला काही कळत नाही’ म्हणणे हे नम्र नाही, ते फक्त असत्य आहे.

दुसरे कारण: लोक काय म्हणतील? पुढे आलो तर मानाचा हपापलेला ठरेन. ही भीती अगदीच खोटी नाही. मानासाठी पुढे येणारे असतातच. पण त्यामुळे मान नको असलेल्या माणसाने मागे राहावे का? प्लेटोने फार पूर्वी लिहून ठेवले आहे की चांगली माणसे पैशासाठी किंवा मानासाठी सत्ता घ्यायला तयार होत नाहीत. पण त्यांनी नकार दिला तर त्यांना मोठी शिक्षा भोगावी लागते, ती म्हणजे त्यांच्यापेक्षा वाईट माणसाच्या हाताखाली राहण्याची. शास्त्यांच्या ग्रंथात योथामाने सांगितलेली झाडांची गोष्ट आपण वाचली असेल. जंगलाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला ती लवकर समजावी. झाडे राजा शोधायला निघाली. जैतुनाने नकार दिला, अंजिराने दिला, द्राक्षवेलीनेही दिला. प्रत्येकाला आपले तेल, आपला गोडवा, आपला रस सोडवेना. शेवटी काटेरी झुडूप तयार झाले, आणि त्याने सावलीच्या आमंत्रणासोबत आगीची धमकीही दिली. दोष फक्त झुडपाचा होता का? तीन फळझाडांच्या सुसंस्कृत नकारांनीच त्याची वाट मोकळी केली.

तिसरे कारण: वेळ नाही, घर आहे, परीक्षा आहे, तब्येत बरी नसते. हे कारण मी सर्वात महत्त्वाचे मानतो, कारण ते पुष्कळदा खरे असते. ज्या बाईवर घरातल्या आजारी माणसाची सेवा आहे, तिने नवी जबाबदारी नाकारली तर तिने काहीही चुकीचे केलेले नाही. इ. स. ५९० मध्ये पोप झालेले संत ग्रेगरी स्वतः ते पद टाळू पाहत होते. नंतर त्यांनी मेंढपाळाच्या कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात ते दोन संदेष्ट्यांकडे बोट दाखवतात. यशया स्वतःहून पुढे झाला, यिर्मया मात्र आपण लहान आहोत म्हणून मागे सरला. ग्रेगरी दोघांनाही दोष देत नाहीत. एकाला लोकांची सेवा हवी होती, दुसऱ्याला देवाच्या सहवासातली शांतता. पण यशयाने आधी शुद्ध होऊन घेतले, आणि यिर्मयाने शेवटपर्यंत हट्टाने नकार दिला नाही. म्हणजे प्रश्न ‘हो की नाही’ एवढाच नाही. तो ‘हो’ किंवा ‘नाही’ कुठून येतो, हा आहे.

त्या मुलीला मी उत्तर दिले नाही, तीन प्रश्न दिले. हे काम थांबले तर ज्याला बोलता येत नाही अशा कुणाचे नुकसान होईल का? मला ते थोडे शिकून जमण्यासारखे आहे का? आणि ते घेतल्याने माझ्यावर आधीच असलेले एखादे कर्तव्य बुडेल का? पहिल्या दोहोंचे उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर ‘मी नको’ या शब्दांना नम्रतेचे नाव देऊ नये. तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर मोकळ्या मनाने नकार द्यावा आणि मनाला लावून घेऊ नये. तिने विचार करून एका वर्षासाठी जबाबदारी स्वीकारली.

पण ‘हो’ म्हटल्यावर खरे काम सुरू होते. स्वयंसेवकांचे पुढारीपण सर्वात कठीण, कारण इथे हुकूम चालत नाही. रागावलात तर माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही आणि त्याला कोणी विचारूही शकत नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाकडून इथे शिकण्यासारखे आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. निर्णयाआधी अभ्यास गटात बसून विषय समजून घेतला जातो. याच रीतीने चालत त्या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. देवाजी तोफा यांचे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांनी गावाच्या वतीने एकट्याने ठरवले म्हणून नव्हे, तर गावाला एकत्र बसवून ठरवायला लावले म्हणून. कुणीतरी लोकांना एकत्र बोलवावे लागते, माहिती गोळा करावी लागते, गप्प बसलेल्याला बोलते करावे लागते. पुढारीपण याहून वेगळे काय असते?

टायमिंगच्या गटातही हेच लागू पडते. प्रमुखाने सर्वात कंटाळवाणा, सर्वात गोंगाटाचा व्हिडिओ स्वतःकडे घ्यावा. एखाद्याची ओळ चुकली तर गुपचूप सुधारून टाकू नये, कारण मग तो शिकत नाही. सर्वांसमोर दाखवूनही देऊ नये, कारण मग तो परत येत नाही. बाजूला घेऊन ‘इथे ओळ अर्धा सेकंद लवकर येते, पाहा बरे’ एवढे सांगावे. नवीन माणसाला आधी दोन मिनिटांचा व्हिडिओ द्यावा, एकदम तासाभराचा देऊ नये. आणि काम संपल्यावर कुणी किती केले हे आठवून आभार मानावेत, कारण या कामाचे आभार मानायला प्रेक्षक येणार नसतो. हे नियम चर्चची साफसफाई, बचत गट, शाळेची पालक सभा, सगळीकडे चालतील.

आणखी एक गोष्ट. आपल्या मूल परिसरातले मारोतराव कन्नमवार २० नोव्हेंबर १९६२ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. चीनशी युद्ध चालू होते, यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जावे लागले, आणि राज्याची धुरा गरिबीत वाढलेल्या या माणसाच्या हाती आली. जेमतेम एक वर्षाने, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पुढे येणाऱ्याला आपल्याला किती वेळ मिळणार हे माहीत नसते. म्हणूनच पहिल्या दिवसापासून दुसरा माणूस तयार करायला लागले पाहिजे. सगळ्या फाईली, सगळ्या नोंदी दुसऱ्या कुणालाही सापडतील अशा ठेवाव्यात. ‘माझ्यावाचून चालत नाही’ हे ऐकायला गोड लागते, पण ते त्या कामाचे दुर्दैव असते. वेळ संपल्यावरही पडद्यावर रेंगाळणारी ओळ पुढच्या ओळीची जागा अडवते. खुर्चीवर रेंगाळणारा माणूसही तेच करतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या बैठकीत ‘कोण घेणार?’ असा प्रश्न येईल, तेव्हा मोबाईलकडे पाहण्याआधी ते तीन प्रश्न स्वतःला विचारून पाहा. उत्तर ‘नाही’ आले तर सरळ ‘नाही’ म्हणा आणि जो ‘हो’ म्हणेल त्याच्या पाठीशी उभे राहा, त्याची चेष्टा करू नका. आणि उत्तर ‘हो’ आले तर हात वर करा. कामाची मुदत सांगा, मदतीला कोण हवे ते सांगा, आणि दुसऱ्याच दिवशी सुरुवात करा.

आपला,
धर्मगुरू